इंटरनॅशनल की द्विभाषिक? तीन वर्षांच्या मुलासाठी बालवर्ग निवडताना

दिवाळी आटोपली की पुण्या-मुंबईत अडीच-तीन वर्षांचं मूल असलेल्या घरांत नर्सरीच्या ॲडमिशनचा विषय निघतोच. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फीचे आकडे फिरू लागतात, शनिवार-रविवार शाळा बघण्यात जातात आणि बघावं त्या फाटकावर ‘इंटरनॅशनल’ नाहीतर ‘ग्लोबल’ लिहिलेलं असतं. त्यात अलीकडे ‘बायलिंग्वल प्रीस्कूल’ची भर पडली आहे. आजी म्हणते, मराठी बालवाडीत घाला. ऑफिसातले लोक म्हणतात, इंग्रजीचं वळण आत्ताच लागलं पाहिजे. आईबाबांची झोप उडते.

एक गोष्ट मी ठामपणे सांगेन. तीन वर्षांच्या मुलाची भाषा आणि समज वाढते ती दिवसभर त्याच्याशी बोलणाऱ्या, त्याचं ऐकून घेणाऱ्या माणसांमुळे. बोर्ड कुठला आणि अभ्यासक्रम कुठल्या देशाचा, हे त्यानंतर. तेव्हा शाळा बघायला जाल तेव्हा इमारतीला आणि माहितीपत्रकाला थोडा वेळ द्या, वर्गातल्या ताईला जास्त. पण त्या पाट्यांचा अर्थही माहीत असलेला बरा, कारण पैसे त्यांच्याच नावाने घेतले जातात.

पाटीमागे काय असतं

शाळेच्या नावात ‘इंटरनॅशनल’ आहे एवढ्यावरून आत काय शिकवतात ते कळत नाही. त्यामागे साधारण तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली म्हणजे आयबी, अर्थात इंटरनॅशनल बॅकलॉरिएट. ही संस्था १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झाली. तिचा लहान मुलांसाठीचा कार्यक्रम, पीवायपी (प्रायमरी इयर्स प्रोग्राम), १९९७ पासून आहे आणि तो ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहे. यात पुस्तकातला धडा संपवण्यापेक्षा एखादा विषय घेऊन त्याभोवती प्रश्न विचारण्यावर भर असतो. पाणी कुठून येतं, घरं वेगवेगळी का असतात, असे विषय. इथे एक फरक नीट विचारून घ्या. शाळेला आयबीची मान्यता मिळालेली आहे, की ती अजून ‘उमेदवार’ शाळा आहे? उमेदवार शाळेने अर्ज केलेला असतो, तयारी चाललेली असते, पण मान्यता मिळेलच असं नसतं. मान्यताप्राप्त शाळांची यादी आयबीच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ईवायएफएस (अर्ली इयर्स फाउंडेशन स्टेज). ही इंग्लंडची, जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची, २००८ पासून लागू असलेली चौकट. आपल्याकडच्या कितीतरी प्रीस्कूल साखळ्या ‘आम्ही ईवायएफएस फॉलो करतो’ असं सांगतात. इंग्लंडमध्ये तिथलं सरकारी तपासणी खातं शाळेत येऊन पाहतं. इथे तसं कुणी येत नाही. त्यामुळे ‘फॉलो करतो’ म्हणजे काय करता, हे आपणच विचारायचं. त्या चौकटीत दोन वर्षांच्या पाच मुलांमागे एक मोठं माणूस लागतं, आणि तीन वर्षांपुढच्या आठ मुलांमागे एक. वर्गात पात्र शिक्षक स्वतः असेल तर तेरा. हे आकडे मनात ठेवून वर्गातली मुलं मोजा. आपल्याकडे राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत खासगी प्लेस्कूलसाठी वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस असं प्रमाण आहे. वर्गात तीस मुलं, एक ताई आणि भिंतीवर ‘ब्रिटिश करिक्युलम’ असं चित्र दिसलं, तर काय समजायचं ते तुम्हाला कळेल.

तिसरी मॉन्टेसरी. हे नाव कुणीही वापरू शकतं आणि वापरतातही. खऱ्या मॉन्टेसरी वर्गाची ओळख सोपी आहे : तीन ते सहा वर्षांची मुलं एकाच वर्गात एकत्र असतात, आणि आपलं आपण निवडलेलं काम करायला त्यांना सलग मोठा वेळ मिळतो, शक्यतो अडीच-तीन तास. वर्गात मांडणीवर साहित्य आहे, पण दर अर्ध्या तासाने घंटा होऊन मुलांना उठवतात, तर साहित्य मॉन्टेसरीचं आणि शाळा नेहमीची.

ही पद्धत घडवणाऱ्या मारिया मॉन्टेसरी स्वतः १९३९ मध्ये भारतात आल्या आणि दुसऱ्या महायुद्धामुळे कितीतरी वर्षं इथेच राहिल्या. पण त्या येण्याच्या कितीतरी आधी, १९२६ मध्ये, गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी त्याच विचाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला होता. पुढे १९४५ मध्ये ताराबाई आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, शिक्षिका अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. युरोपातल्या महागड्या साहित्याच्या जागी त्यांनी शंखशिंपले, बिया, पानं, खडे आणले, आणि मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. बाहेरच्या देशातली चांगली पद्धत घेऊन ती आपल्या मातीत कशी रुजवायची, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. त्यांचं काम पुढे जिथे चाललं त्या कोसबाडला आजच्या ‘ग्लोबल’ शाळांनी एकदा जाऊन यावं असं मला मनापासून वाटतं.

आणि चौथी, जिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही : आपला स्वतःचा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, २०२२ मध्ये आलेला, तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी. खेळातून शिक्षण, गोष्टी, गाणी, हाताने करण्याची कामं, आणि शक्यतो मुलाच्या घरच्या भाषेतून सुरुवात, असं तो स्पष्ट सांगतो. परदेशी नावांच्या चौकटीत जे चांगलं आहे, त्यातलं पुष्कळसं इथे आहेच.

वयाचंही इथेच सांगून टाकते, कारण त्यावरून फार घाई होते. महाराष्ट्रात पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलाला सहा पूर्ण व्हावी लागतात, नर्सरीसाठी तीन. दोन वर्षांच्या प्लेग्रुपची सक्ती कुठेच नाही. घरी सांभाळणारं कुणी नसेल तर प्लेग्रुप किंवा पाळणाघर ही गरज आहे, त्यात वावगं काहीच नाही. पण ‘आत्ता घातलं नाही तर मागे पडेल’ हे खरं नाही.

दोन भाषा : मिळवायच्या की बदलायच्या

आता मुख्य मुद्दा. ‘द्विभाषिक’ म्हणवणाऱ्या शाळांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि तो फरक ओळखण्यासाठी थोडं मागे, कॅनडात जावं लागेल.

माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट गावात १९६५ मध्ये काही इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी बालवर्गापासून पूर्ण फ्रेंचमध्ये शिकवणारे वर्ग सुरू करायला लावले. मॅक्गिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट यांनी त्या मुलांचा पुढे बरीच वर्षं अभ्यास केला. मुलं फ्रेंच छान शिकली, आणि त्यांचं इंग्रजीही मागे राहिलं नाही. ‘इमर्शन’ म्हणून जगभर जी पद्धत सांगितली जाते तिची ही सुरुवात. आपल्याकडे ‘शाळेत फक्त इंग्रजी’ हा नियम सांगताना याच पद्धतीचं नाव पुढे केलं जातं.

पण त्या मुलांची घरची भाषा कोणती होती? इंग्रजी. टीव्हीवर इंग्रजी, दुकानांत इंग्रजी, उत्तर अमेरिकेत सगळीकडे तिला मान. शाळेत फ्रेंच बोलल्याने ती पुसली जाण्याची भीतीच नव्हती. पहिल्या भाषेत दुसरीची भर पडली. लॅम्बर्ट यांनीच पुढे उलट बाजूही मांडली : जिथे घरच्या भाषेला बाहेर मान कमी, तिथे शाळेची भाषा तिच्यात भर घालत नाही, तिची जागा घेते. अमेरिकेतल्या भाषा-अभ्यासक लिली वाँग फिलमोर यांनी १९९१ मध्ये स्थलांतरित कुटुंबांबद्दल हेच लिहिलं. अगदी लहान वयात, इंग्रजी बालवर्गांत गेलेली मुलं घरची भाषा सोडू लागतात, आणि मग आईवडिलांशी मनातलं बोलायला भाषाच उरत नाही.

आपल्या शहरांत हे डोळ्यांसमोर घडतं आहे. पुण्यात मराठी सगळीकडे ऐकू येते हे खरं. पण ज्या सोसायटीत मुलं खाली खेळताना हिंदी-इंग्रजी बोलतात, मोबाइलवर इंग्रजी गाणी, शाळेत इंग्रजी, तिथे मराठी उरते ती जेवणाच्या टेबलाशी आणि आजीच्या फोनपुरती. मूल सहा वर्षांचं होतं, आजी विचारते, ‘जेवलास का?’ आणि उत्तर येतं, ‘येस.’ त्याला कळतं सगळं, बोलायला मात्र जीभ वळत नाही.

म्हणून शाळेला विचारायचा पहिला प्रश्न : माझं मूल मराठीत बोललं तर ताई काय करतात?

वर्गात काय पाहायचं

समजा, ठोकळ्यांचा मनोरा रचणारा एक मुलगा आहे. पाचवा ठोकळा ठेवतो आणि सगळं कोसळतं. तो टाळ्या वाजवत ओरडतो, ‘पडलं! सगळं पडलं!’

एक ताई म्हणेल, ‘से इट इन इंग्लिश.’ मुलगा गप्प होतो. दुसरी म्हणेल, ‘पडलं, मीन्स इट फेल. से, इट फेल.’ तो ‘इट फेल’ म्हणतो आणि उठून जातो. तिसरी त्याच्याशेजारी खाली बसते. ‘अरे, पडलं की! द होल टॉवर फेल डाउन! का रे पडलं?’ तो म्हणतो, ‘मोठ्ठावाला वर ठेवला ना मी.’ ‘मग आता मोठा कुठे ठेवायचा?’ ‘खाली.’ ‘ओके, द बिग वन ॲट द बॉटम.’ आणि पुन्हा रचणं सुरू.

तिसऱ्या वर्गात त्या मुलाने कारण शोधलं, ते शब्दांत मांडलं, पुढची योजना केली आणि जाता जाता ‘बॉटम’ ऐकलं. पहिल्या दोन वर्गांत विचार तिथेच तुटला. इंग्रजी शब्द तिन्ही ठिकाणी होतेच. मला विचाराल तर शाळा निवडताना याहून महत्त्वाचं काहीच पाहायचं नाही. वीस मिनिटं मागे बसून वर्ग बघू द्या, असं शाळेला सांगा. शाळेने नाही म्हटलं, फक्त रिकामे वर्ग आणि बॉल पूल दाखवला, तर तेही उत्तरच आहे.

दुसऱ्या ताईच्या पद्धतीबद्दल थोडं आणखी. प्रत्येक वाक्य इंग्रजीत म्हणून लगेच त्याचं मराठी किंवा हिंदी करायचं, ही आपल्या बालवर्गांतली अगदी रुळलेली पद्धत. ‘टेक आउट युवर टिफिन, डबे काढा.’ मुलं हुशार असतात. पुढच्या क्षणी कळणाऱ्या भाषेत तेच येणार हे त्यांना समजतं, आणि पहिलं वाक्य ती ऐकेनाशी होतात. म्हणून चांगल्या द्विभाषिक शाळा भाषांना जागा ठरवून देतात. एक ताई कायम मराठीत बोलते, दुसरी इंग्रजीत. किंवा सकाळचा गोलातला वेळ आणि गोष्ट एका भाषेत, बाहेरचा खेळ आणि चित्रकला दुसऱ्या. कुठे आठवड्यातले दिवस वाटलेले असतात. यातली कुठलीही पद्धत चालते, फक्त ती खरोखर पाळली जात असावी. आठवड्याच्या पंचवीस तासांत ‘मराठी’ नावाचा अर्ध्या तासाचा एक तास असेल, तर ती इंग्रजी शाळा आहे. इंग्रजी शाळा असणं वाईट नाही, पण द्विभाषिक म्हणून वेगळे पैसे द्यायचं कारण नाही.

मावशींकडेही बघा. डबा उघडून देणारी, शूला नेणारी, पडलं तर गुडघ्यावर फुंकर घालणारी मावशी बऱ्याच शाळांत मराठीच बोलते, आणि मुलांचं दिवसातलं सगळ्यात खरं संभाषण तिच्याशी होतं. काही शाळा मावशींना मुलांशी बोलू नका असं सांगतात, कारण त्यांना इंग्रजी येत नाही. अशी शाळा मी तरी निवडणार नाही. ज्या मुलाला ‘शू लागली’ हे कुठल्या भाषेत, कुणाला सांगायचं ते कळत नाही, ते चड्डी ओली करतं आणि दुसऱ्या दिवशी शाळेचं नाव काढलं की रडतं.

भाषा माणसांकडून येते, याचा एक सुंदर पुरावा आहे. बाळं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या नऊ-दहा महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या, गोष्टी वाचणाऱ्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. तेच सगळं टीव्हीवरून ऐकलेल्या बाळांना काहीच फायदा झाला नाही. तेव्हा ‘आमच्याकडे स्मार्ट बोर्डवर फोनिक्स (अक्षरांचे ध्वनी) आहे’ ऐकून भारावून जाऊ नका. त्या बोर्डासमोर कुणी मुलांशी बोलतंय का, ते बघा.

आणि वह्या बघा. नर्सरीच्या मुलाच्या वहीत पानंच्या पानं ‘स्टँडिंग लाइन, स्लीपिंग लाइन’ भरलेली असतील, आणि डिसेंबरात एबीसीडी लिहून झाली असा शाळा अभिमान बाळगत असेल, तर सावध व्हा. तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल धरून लिहायची ताकद नसते. माती मळणं, मणी ओवणं, डाळ-तांदूळ वेगळे करणं, फाडणं-चिकटवणं यांतून ती येते. वाळूच्या खड्ड्याशी, पाण्याच्या टबाशी, पुस्तकांच्या कोपऱ्याशी मुलं खरंच जातात का, की ते पालकांना दाखवायला आहेत? पुस्तकांच्या कडा दुमडलेल्या, एखादं पान चिकटपट्टीने जोडलेलं असेल तर आनंद माना, ती वाचली जातात. त्यात चित्रांची मराठी पुस्तकं किती आहेत, तेही मोजा.

‘घरी इंग्रजीत बोला’

कितीतरी शाळा पहिल्याच पालकसभेत हे सांगतात. हे ऐकू नका.

आईवडिलांना जी भाषा सहज येते, तिच्यातच ते मुलाशी भरभरून बोलतात. भाजी निवडताना, अंघोळ घालताना, पावसात छत्री उलटी झाली म्हणून हसताना. तेच इंग्रजीत करायचं ठरवलं की बोलणं आटतं. ‘कम हिअर, सिट डाउन, ईट फास्ट’ एवढ्यावर येतं. मुलाला इंग्रजी तर मिळत नाहीच, घरचं बोलणंही जातं. घरी मराठीत गोष्टी सांगा, भांडा, लाड करा, कोडी घाला. एका भाषेत गोष्टीचं सूत्र धरायला, कारण सांगायला शिकलेलं मूल ते दुसऱ्या भाषेत घेऊन जातं. इंग्रजी शाळेतून येईल आणि शाळा बरी असेल तर चांगली येईल.

शाळेतली मराठी पुढे बघू, असा विचार कुणी करत असेल तर एक माहिती : २०२०च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी शिकवणं बंधनकारक आहे, आयबी असो की केंब्रिज. बालवर्गात मराठी कानावर पडलेल्या मुलाला तेव्हा ती परकी वाटत नाही. परदेशातल्या मराठी घरांचं गणित थोडं वेगळं. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये इंग्रजी रस्त्यावरून आपोआप आत येते, मराठीला मात्र घर आणि मंडळाची रविवारची शाळा एवढेच आधार. तिथे बालवर्ग कुठला याहून घरात कुठली भाषा टिकते, हा प्रश्न मोठा.

फी, व्हॅन आणि सुरक्षितता

फीचा आकडा एकच कधी नसतो. प्रवेश शुल्क, अनामत, सत्राची फी, गणवेश, वह्या-पुस्तकांचा किट, व्हॅन, गॅदरिंगचा पोशाख, डे-केअर, सगळं एका कागदावर लिहून मागा, आणि मूल मध्येच काढलं तर परत किती मिळेल तेही. इंटरनॅशनल प्रीस्कूलमध्ये घातलं म्हणून पुढे त्याच पद्धतीच्या शाळेत जावं लागतं असं नाही; मात्र पुढची सगळी वर्षं ती फी झेपणार नसेल, तर ते आत्ताच एकमेकांशी बोला. अंतर वीस मिनिटांच्या आत असावं. पावसाळ्यात वाहतुकीत तासभर व्हॅनमध्ये बसलेलं तीन वर्षांचं मूल शाळेत पोहोचतं तेव्हाच दमलेलं असतं.

सुरक्षिततेचे प्रश्न विचारताना संकोच नको. शिक्षणहक्क कायदा मुख्यतः सहा वर्षांवरच्या मुलांसाठी आहे, आणि खासगी बालवर्गांवर वर्षानुवर्षं फारशी देखरेख नव्हती. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाले, त्यानंतर राज्याने शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी यांबद्दल कडक सूचना दिल्या. तुम्ही विचारा : मुलांना शूला कोण नेतं? पुरुष कर्मचारी मुलांच्या स्वच्छतागृहाकडे जातात का? पडताळणीचा कागद दाखवाल का? व्हॅनमध्ये मदतनीस ताई असते का? चांगली शाळा या प्रश्नांनी रागावत नाही.

शाळा सुरू झाल्यावर

नव्या भाषेच्या वर्गात गेलेलं मूल पहिले काही आठवडे, कधी काही महिने, शाळेत अगदी गप्प राहतं. घरी मात्र बडबड चालू असते. हे नॉर्मल आहे. ते ऐकून साठवत असतं. दोन्ही भाषा एका वाक्यात मिसळणंही नॉर्मल. ‘मला वॉटर पाहिजे’ म्हणणारं मूल गोंधळलेलं नसतं, हाताशी आहे तो शब्द वापरत असतं. प्रत्येक भाषेतले शब्द एकभाषिक मुलापेक्षा कमी वाटतील, पण दोन्ही भाषांतले मिळून मोजले तर भरून निघतात.

काळजी कधी करायची? दोन वर्षं पूर्ण झाली तरी सगळ्या भाषा मिळून पन्नासेक शब्द नाहीत, दोन शब्द जोडून बोलत नाही, हाक मारल्यावर वळून पाहत नाही, किंवा येत असलेलं बोलणं बंद झालं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानांची तपासणी करून घ्या. अशा वेळी ‘एक भाषा बंद करा’ असा सल्ला शेजारीपाजारी देतातच, आणि बंद होते ती बहुतेकदा मराठी. दोन भाषांमुळे बोलायला उशीर होत नाही. अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते आणि उपचारही दोन्ही चालू ठेवून करता येतात. घरच्या भाषेत बोलणं थांबवलं तर मुलाला आई आणि आजीशी होणारं बोलणंही मिळेनासं होतं, आणि तेव्हा तर त्याला त्याची सगळ्यात जास्त गरज असते.